मोटारीची देखभाल : मुदत कोणती पाळावी, आगाऊ पैसे केव्हा भरावेत

मोटारगाडी खरेदी करताना ग्राहकाचे सारे लक्ष गाडीची किंमत, तिचा रंग आणि कर्जाचा मासिक हप्ता यांवर खिळलेले असते. गाडी ताब्यात मिळण्याच्या दिवशी, पेढे वाटून होत असतानाच, विक्रेत्याचा प्रतिनिधी आणखी एक कागद पुढे सरकवतो. तीन, चार किंवा पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आजच एकरकमी भरावेत, पुढील भाववाढीची चिंता उरणार नाही आणि इतके रुपये वाचतील, असा त्यातील मजकूर असतो. या योजनेस सर्वत्र 'सर्व्हिस पॅकेज' म्हटले जाते. अनेक ग्राहक तो कागद न वाचताच त्यावर सही करतात. काही जण तितक्याच अविचाराने तो नाकारतात. दोन्ही रीती सारख्याच चुकीच्या होत.

पॅकेज घेणे हिताचे की अहिताचे, या प्रश्नास सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. आपली गाडी वर्षाकाठी किती आणि कशा रस्त्यांवर धावते, तिला कोणती देखभाल केव्हा लागते आणि त्या देखभालीस प्रत्यक्ष किती खर्च येतो, या तीन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे हे उत्तर ज्याचे त्याला कागदावर काढता येते. तो हिशेब कसा करावा, हे भोपाळ आणि सभोवतालच्या सीहोर, रायसेन व विदिशा या जिल्ह्यांतील नेहमीच्या प्रवासाची उदाहरणे घेऊन येथे सांगण्याचे योजिले आहे.

किलोमीटर आणि महिने

प्रत्येक गाडीबरोबर मालकासाठी एक माहितीपुस्तिका मिळते. तीत देखभालीचे वेळापत्रक छापलेले असते. त्यात दोन मापे दिलेली असतात : धावलेले अंतर आणि उलटलेला काळ. 'यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते' हे शब्द त्याच तक्त्यात असतात आणि नेमके तेच वाचावयाचे राहून जातात.

उदाहरणार्थ, मारुती सुझुकीच्या अनेक पेट्रोल गाड्यांची पहिली तपासणी १,००० किलोमीटर किंवा १ महिना, दुसरी ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने आणि तिसरी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष या मुदतीस असते. त्यापुढे दर १०,००० किलोमीटरला किंवा दर वर्षाला सर्व्हिसिंग करावयाचे असते. इतर कंपन्यांच्या मुदती याहून थोड्याफार निराळ्या असतात. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा नियम आपल्या गाडीस लावू नये. आपल्याच पुस्तिकेतील तक्ता प्रमाण मानावा.

ज्याची गाडी वर्षात ३,००० किलोमीटरच धावते, त्याला वाटते की १०,००० किलोमीटर होण्यास अद्याप पुष्कळ अवकाश आहे. परंतु त्याच्यासाठी मुदत किलोमीटरची नसून वर्षाची आहे. गाडी उभी असली तरी ऑइल हवेच्या संपर्काने जुने होते, ब्रेकचे तेल दमट होते, रबरी नळ्या कडक होतात आणि बॅटरी उतरत जाते. उलटपक्षी, जो वर्षात २०,००० किलोमीटर प्रवास करतो, त्याला वर्षातून दोन वेळा सर्व्हिसिंग करणे प्राप्त आहे. वाढदिवसाप्रमाणे वर्षातून एकदाच गाडी कार्यशाळेत नेण्याची सवय त्याच्या इंजिनास महागात पडते.

पूर्वीच्या मुदती आता का लागू नाहीत

ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात थोड्या-थोड्या हजार किलोमीटरांवर ऑइल बदलणे, ग्रीस भरणे, कार्ब्युरेटर साफ करणे आणि प्लगच्या फटीचे माप घेणे ही नित्याची कामे होती. त्या पिढीतील चालकांच्या मनावर तो नियम असा बिंबला आहे की १०,००० किलोमीटरपर्यंत एकच ऑइल चालते यावर त्यांचा विश्वास बसत नाही. परंतु हा बदल निष्कारण झालेला नाही.

पहिले कारण इंधनाचे. इंधनातील गंधक जळून आम्ले तयार होतात आणि ती ऑइलमध्ये मिसळतात. ऑइलमध्ये घातलेली अल्कधर्मी द्रव्ये ही आम्ले मारतात आणि तसे करताना स्वतः खर्ची पडतात. भारत स्टेज ४ या मानकात इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकात ते १० भागांवर आणले गेले. त्यापूर्वीच, फेब्रुवारी २००० मध्ये, शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशात बंद झाली होती. दुसरे कारण असे की कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीने घेतली. इंधन मोजून आणि वेळेवर मिळू लागल्यामुळे न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरण्याचे प्रमाण घटले. तिसरे कारण खुद्द ऑइलचे. आजची सिंथेटिक ऑइले उष्णतेने लवकर विघटित होत नाहीत.

यावरून हेही कळून येईल की पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरणे का आवश्यक आहे. १०,००० किलोमीटरची मुदत त्या प्रतीच्या ऑइलसाठी आहे. स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्याच प्रतीचे ऑइल भरावयाचे आणि मुदत मात्र पुस्तिकेतील पाळावयाची, हा व्यवहार इंजिनाच्या दृष्टीने तोट्याचा ठरतो.

कोणती देखभाल कशासाठी

सर्व्हिसिंग म्हणजे गाडी धुऊन-पुसून परत करणे असा समज खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आढळतो. वस्तुतः धुलाई हा त्यातील सर्वांत गौण भाग आहे. महत्त्वाची कामे पुढीलप्रमाणे असतात.

ऑइल आणि ऑइल फिल्टर ही दोन्ही एकाच वेळी बदलावयाची असतात. जुना फिल्टर ठेवून नवे ऑइल भरणे म्हणजे गाळलेले पाणी मळक्या घागरीत ओतण्यासारखे आहे.

एअर फिल्टर इंजिनात जाणारी हवा गाळतो. तो तुंबला की इंधन अधिक लागते. फाटला तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन झीज होते. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये त्याची पाहणी मालकास घरीही करता येते.

ब्रेकचे तेल हा प्रत्यक्ष जिवाशी संबंध असलेला विषय आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलाची ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ प्रतीसाठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत. घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबला जातो तेव्हा तेल तापते. त्यातील पाण्याची वाफ झाली तर पायाखालचा पेडल भुसभुशीत होतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून साधारणतः दर २ वर्षांनी, अथवा पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा, हे तेल बदलणे आवश्यक आहे. भोपाळसारख्या प्रदेशात, जेथे पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, या कामात चालढकल करू नये.

याखेरीज कूलंट, स्पार्क प्लग, डिझेल गाडीतील इंधन फिल्टर आणि केबिनमधील हवेचा फिल्टर यांच्या मुदती निरनिराळ्या असतात. टायरांची अदलाबदल व चाकांचे अलाइनमेंट ही कामे आवर्जून करून घ्यावीत. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीची दाबचाचणी दर ३ वर्षांनी करून घेणे नियमाने बंधनकारक आहे. ती सर्व्हिसिंगमध्ये आपोआप होत नाही, हे ध्यानात असावे. विजेवर चालणाऱ्या गाडीस इंजिन ऑइल लागत नाही. तथापि ब्रेकचे तेल, बॅटरी थंड ठेवणारा द्रव, टायर आणि केबिन फिल्टर यांची निगा तिलाही चुकलेली नाही.

कठीण वापर कशास म्हणावे

बहुतेक पुस्तिकांत देखभालीचे दोन तक्ते असतात : एक सर्वसाधारण वापरासाठी आणि दुसरा कठीण परिस्थितीतील वापरासाठी. दुसऱ्या तक्त्यात काही कामांच्या मुदती अलीकडे आणलेल्या असतात. कठीण वापर म्हणजे केवळ डोंगरदऱ्यांतील वापर असे मात्र नव्हे. धुळीचे रस्ते, सतत अवजड ओझे, तासन्‌तास गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणे आणि वारंवार केलेले अगदी जवळचे फेरे, हे सर्व त्यात मोडते.

यांतील शेवटचा प्रकार पुष्कळांस चकित करतो. तीन किलोमीटरवरील बाजारापर्यंत जाऊन परत येणारी गाडी फार आरामात आहे असे वाटते. परंतु इतक्या अंतरात इंजिन पुरते तापतच नाही. ज्वलनातून निघालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता निर्माण होण्यापूर्वीच इंजिन बंद केले जाते. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत तर धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने चालणे आवश्यक असते. ज्यास केवळ शहरातच फिरावयाचे आहे त्याने डिझेल गाडी घेण्यापूर्वी या गोष्टीचा विचार करावा.

गव्हाच्या आणि सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, तसेच खडीच्या खाणींजवळील रस्त्यांवर, हवेत धूळ व भुसकट किती असते हे ग्रामीण वाचकांस सांगावयास नको. अशा रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या आत बदलावा लागतो.

हमी निराळी, पॅकेज निराळे

विक्रेत्याच्या टेबलावर अनेक कागदांवर एकदम सह्या घेतल्या जातात आणि त्यामुळे चार निराळ्या गोष्टींची गल्लत होते. कंपनीची हमी म्हणजे निर्मितीतील दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे वचन. वाढीव हमी म्हणजे तेच वचन आणखी काही वर्षे चालू ठेवण्यासाठी घेतलेले पैसे. विमा अपघात आणि चोरी यांसाठी असतो. सर्व्हिस पॅकेज म्हणजे वेळापत्रकानुसार होणाऱ्या देखभालीची आगाऊ भरलेली किंमत. पॅकेज घेतले म्हणून हमी वाढत नाही आणि पॅकेज नाकारले म्हणून हमी जातही नाही. हमी टिकण्यासाठी आवश्यक असते ती वेळेवर केलेली देखभाल आणि तिच्या पावत्या.

'मोफत सर्व्हिसिंग' या शब्दांचाही अर्थ नीट समजून घ्यावा. पहिल्या काही सर्व्हिसिंगमध्ये सामान्यतः मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टर आणि इतर साहित्याचे पैसे द्यावेच लागतात. पॅकेजमुळे होणारी बचत दाखविताना या माफ मजुरीची रक्कमही बचतीत धरली असेल, तर तो आकडा फुगविलेला आहे असे समजावे. जे मुळातच मोफत आहे ते पुन्हा वाचविता येत नाही.

पॅकेजेही दोन प्रकारची असतात. पहिल्यात वेळापत्रकातील ऑइल, फिल्टर आणि मजुरी एवढेच असते. दुसऱ्यात ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांसारख्या झिजणाऱ्या भागांचाही समावेश असतो आणि त्याची किंमत बरीच अधिक असते. टायर आणि बॅटरी बहुधा दोहोंतही नसतात. यास्तव 'सर्व काही यात आले' या तोंडी आश्वासनावर न विसंबता समाविष्ट आणि वगळलेल्या वस्तूंची यादी लेखी मागावी.

पैशाचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, एका पॅकेजची किंमत २४,००० रुपये असून त्यात ४ सर्व्हिसिंग अंतर्भूत आहेत. पॅकेज न घेता प्रत्येक वेळी पैसे दिले तर अनुक्रमे ५,०००, ८,०००, ५,५०० आणि ९,५०० रुपये, म्हणजे एकूण २८,००० रुपये लागतील. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, आपल्या गाडीचे आकडे कार्यशाळेतून लेखी घ्यावेत.) विक्रेता सांगेल की यात ४,००० रुपयांची बचत आहे. वजाबाकी बरोबर आहे, पण हिशेब अपुरा आहे. कारण २४,००० रुपये आज द्यावयाचे आहेत आणि २८,००० रुपये चार वर्षांत थोडेथोडे.

तेच २४,००० रुपये आपण वार्षिक ७ टक्के व्याजाने ठेवले असे धरू. पहिल्या वर्षाअखेर त्यांचे २५,६८० होतील; सर्व्हिसिंगचे ५,००० काढल्यावर २०,६८० उरतील. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांचे २२,१२८ होतील. ८,००० काढल्यावर १४,१२८ उरतील. तिसऱ्या वर्षाअखेर १५,११७ होतील. ५,५०० काढल्यावर ९,६१७ उरतील. चौथ्या वर्षाअखेर १०,२९० होतील आणि ९,५०० रुपयांचे शेवटचे सर्व्हिसिंग भागवूनही ७९० रुपये हाती राहतील. याचा अर्थ असा की ४,००० रुपये वाचविणारे हे पॅकेज वास्तविक किंचित तोट्याचे आहे.

यावर कोणी म्हणेल की दर वर्षी भाव वाढतात, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या वर्षापासून खर्च दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेला असे धरून हाच हिशेब पुन्हा मांडला, तर चौथ्या वर्षी सुमारे १,७७० रुपये कमी पडतात. म्हणजे भाववाढ झाल्यास पॅकेज फायद्याचे ठरते. मात्र तो फायदा ४,००० रुपयांचा नव्हे. शिवाय भाव नेहमी वाढतातच असेही नाही. ज्या सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी पैसे आधीच भरून ठेवले होते त्यांना अशा घटीचा लाभ मिळेलच, याची शाश्वती नसते.

सर्वांत महाग पडते ते कर्जात मिसळलेले पॅकेज. ३०,००० रुपयांचे पॅकेज गाडीच्या कर्जात समाविष्ट केले आणि ते कर्ज ९ टक्के दराने ५ वर्षांत फेडले, तर मासिक हप्त्यात सुमारे ६२३ रुपयांची भर पडते. ही भर क्षुल्लक वाटते. पण ६० हप्त्यांत एकूण सुमारे ३७,३६५ रुपये द्यावे लागतात. म्हणजे ७,३६५ रुपये व्याजापोटी गेले. ज्या ऑइलची गरज चौथ्या वर्षी पडणार त्यासाठी पहिल्या महिन्यापासून व्याज भरण्यात शहाणपण नाही.

तीन गाडीमालक

एकच पॅकेज निरनिराळ्या मालकांस कसे लागू पडते, ते तीन कल्पित उदाहरणांवरून पाहू. पॅकेज वरीलच : २४,००० रुपये, ४ सर्व्हिसिंग, मुदत ४ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते.

पहिले मालक भेल वसाहतीनजीक राहणारे निवृत्त अधिकारी आहेत. शहरातील किरकोळ फेरे आणि वर्षातून दोनदा नागपूरला नातेवाइकांकडे जाणे-येणे, एवढाच त्यांचा प्रवास. भोपाळ ते नागपूर अंतर सुमारे ३५० किलोमीटर. दोन खेपांचे १,४०० किलोमीटर आणि शहरातील अडीच हजार मिळून वर्षात ४,००० किलोमीटरही होत नाहीत. त्यांना वर्षातून एकच सर्व्हिसिंग लागते आणि पैसे चार वर्षे अडकून पडतात. वर केलेला ७९० रुपयांच्या तोट्याचा हिशेब त्यांचाच आहे. शिवाय पुढेमागे गाडी विकण्याचा किंवा मुलाकडे पुण्यास राहण्यास जाण्याचा संभव असेल, तर तोटा वाढू शकतो. त्यांनी दर वर्षी पैसे देऊन सर्व्हिसिंग करावे हे उत्तम. मात्र ते चुकवू नये.

दुसऱ्या मालक शिक्षिका असून भोपाळहून सीहोरजवळच्या शाळेत रोज जातात. जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर. वर्षातील २२० दिवसांचे १७,६०० आणि इतर प्रवास धरून २०,००० किलोमीटर. त्यांची चार सर्व्हिसिंग दोन वर्षांतच पूर्ण होतील. कागदावर 'चार वर्षे' लिहिले असले तरी त्यांच्यासाठी हे पॅकेज दोन वर्षांचेच आहे, हे त्यांनी प्रथम जाणून घ्यावे. परंतु पैसे अल्पकाळच अडकत असल्यामुळे व्याजाचे नुकसानही अल्प होते. दर सहा महिन्यांस साडेतीन टक्के व्याज धरून हिशेब केला तर, भाववाढ मुळीच न होताही, त्यांना पॅकेजमुळे सुमारे १,७६५ रुपयांचा लाभ होतो. अधिकृत कार्यशाळा त्यांच्या नेहमीच्या वाटेवर असेल, तर त्यांनी हे पॅकेज घेण्यास हरकत नाही.

तिसरे मालक विदिशा जिल्ह्यातील खेड्यात राहणारे शेतकरी आहेत. गाडी वर्षात १२,००० किलोमीटर धावते, बरीचशी कच्च्या रस्त्याने. पॅकेज फक्त ठरावीक अधिकृत कार्यशाळांतच चालते आणि त्यांच्या गावाहून तेथे जाण्यायेण्यास, समजा, ११० किलोमीटर पडतात. एका लिटरमागे १५ किलोमीटर धरले तर प्रत्येक वेळी सात लिटरहून अधिक पेट्रोल आणि कामाचा एक दिवस जातो. धुळीमुळे एअर फिल्टर मुदतीपूर्वी बदलावा लागला तर तो खर्च पॅकेजमध्ये सहसा बसत नाही. त्यांनी हमीच्या काळात अधिकृत कार्यशाळेत वेळेवर सर्व्हिसिंग करावे; त्यानंतर जवळच्या विश्वासू मेकॅनिककडून, योग्य प्रतीचे साहित्य स्वतः आणून आणि पावती घेऊन काम करून घेणे त्यांना परवडेल.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पॅकेज घेण्याचा विचार असल्यास पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. समाविष्ट आणि वगळलेल्या वस्तूंची यादी कोठे आहे? ब्रेकचे तेल आणि कूलंट तीत आहे काय?

२. पॅकेज न घेता प्रत्येक सर्व्हिसिंगचा आजचा खर्च किती? त्यात माफ मजुरी धरली आहे काय?

३. गाडी विकल्यास पॅकेज नव्या मालकाच्या नावे होते काय? न वापरलेली रक्कम परत मिळते काय?

४. बदली झाल्यास दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या राज्यात ते चालते काय? शासकीय कर्मचाऱ्यांनी हा प्रश्न विसरू नये.

५. एखादे सर्व्हिसिंग मुदतीनंतर झाले तर ते बाद होते काय? किती दिवसांची सवलत आहे?

६. पैसे कोणाकडे जमा होतात : कंपनीकडे की केवळ त्या विक्रेत्याकडे? विक्रेत्याने दुकान बंद केल्यास जबाबदारी कोणाची? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो आणि सर्वांत मोठे नुकसान त्याच्याच पोटात दडलेले असते.

पॅकेज असो वा नसो, गाडी कार्यशाळेत देताना जॉब कार्डवर कामांची यादी आणि अंदाजी खर्च लिहून घ्यावा. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल सफाई, वातानुकूलन यंत्राचे निर्जंतुकीकरण, तळास कोटिंग अशी जादा कामे सुचविली गेल्यास ती पुस्तिकेतील तक्त्यात आहेत काय, एवढाच प्रश्न विचारावा. नसल्यास आणि गाडीत तसा दोष जाणवत नसल्यास नकार देण्यात संकोच बाळगू नये. बदललेले जुने भाग पाहावयास मागावेत.

ग्राहकाचे अधिकार

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. एक वस्तू विकण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणे ही या अधिनियमानुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा होय. त्यामुळे पॅकेज घेतले तरच गाडी मिळेल, असे विक्रेत्यास म्हणता येत नाही. पावती देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कबूल केलेली सेवा न देणे किंवा अपुरी देणे हा सेवेतील दोष होय.

तक्रार असल्यास प्रथम विक्रेत्यास आणि कंपनीस लेखी कळवावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. तेवढ्याने निवारण न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेले मूल्य ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास हा आयोग प्रकरण ऐकतो. ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे खेड्यातील ग्राहकास कंपनीच्या शहरी जाण्याची आवश्यकता नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. करारातील अटीच एकतर्फी आणि अन्याय्य असल्याची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे करावी लागते. मध्य प्रदेशाचा राज्य आयोग भोपाळ येथे आहे.

बाहेरच्या मेकॅनिककडे गेल्यास हमी जाते काय, हाही नेहमीचा प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांना नाकारण्याच्या प्रथेवर ताशेरे ओढून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. केवळ स्वतंत्र मेकॅनिककडे काम केले एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्यात निर्देश होते. या आदेशास पुढे आव्हाने दिली गेली. म्हणून सामान्य मालकाने वादात न पडता हमीपत्रातील अट वाचावी आणि हमी संपेपर्यंत वेळापत्रकातील कामे अधिकृत कार्यशाळेतच करावीत, हे सोयीचे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या नावाने संकेतस्थळ सुरू केले. मोटारगाड्या आणि शेतीची यंत्रे यांसंबंधीची माहिती त्यात अंतर्भूत आहे.

सारांश

गाडीची देखभाल पुस्तिकेतील तक्त्यानुसार, किलोमीटर किंवा महिने यांपैकी जे आधी होईल त्या मुदतीस करावी. पॅकेज ही केवळ पैसे देण्याची एक पद्धत आहे. त्यामुळे गाडीस अधिक चांगली देखभाल मिळते असे नव्हे. ज्याची गाडी पुष्कळ धावते, कार्यशाळा जवळ आहे आणि गाडी विकण्याचा वा बदलीचा संभव नाही, त्याने लेखी यादी पाहून ते अवश्य घ्यावे. ज्याची गाडी थोडी धावते किंवा ज्याला त्यासाठी कर्ज काढावे लागते, त्याने तेच पैसे टपाल कार्यालयात किंवा बँकेत ठेवावेत आणि वेळ येताच त्यातून खर्च करावा.

शाळांतील शिक्षकांना हा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात चक्रवाढ व्याजाचे उदाहरण म्हणून घालता येईल. विद्यार्थ्यांनी घरच्या मोटारीचे, नसल्यास मोटारसायकलीचे किंवा ट्रॅक्टरचे आकडे आणून तो सोडवावा. त्या निमित्ताने घरातील माहितीपुस्तिका कपाटातून बाहेर निघेल आणि ब्रेकचे तेल शेवटचे केव्हा बदलले, हा प्रश्नही कोणीतरी विचारील.